ज्याची पाटी त्याने काढावी

१

कौस्तुभ वर्तक रोज सकाळी वटारहून निघत, तेव्हा स्कूटरच्या आकड्याला केळीच्या पानात बांधलेली सोनचाफ्याची फुलं लटकत असत. फुलं कारखान्यातल्या गणपतीच्या तसबिरीसाठी. वर्तकांचा देवावर विश्वास बेताचाच होता. पण वाडीत चाफा भरपूर होता, आणि वाया घालवणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

कारखाना म्हणजे वसईच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेला उभी केलेली एक लांबलचक पत्र्याची शेड. दूरवर एव्हरशाईन सिटीच्या इमारती दिसत, आणि त्या इमारतींतून ही शेड दिसू नये यासाठी तिथले लोक खिडक्यांना पडदे लावत. शेडमध्ये रेल्वेचे जुने डबे कंत्राटावर नवे होऊन निघत. कुठलेही डबे नव्हेत. शहरांच्या गाड्यांना खरेखुरे नवे डबे मिळतात. डोंगराकडच्या एका आडशाखेवर जंगलातून दिवसाला एकदा जाणारी आणि एकदा येणारी जी पॅसेंजर आहे, तिला नवे डबे देण्याइतका उधळा माणूस रेल्वेत अजून भरती झालेला नाही. म्हणून तिचे म्हातारे डबे इथे आणायचे. आसनं उपटून नवी बसवायची, नवा रंग, नवे पंखे, मोबाईल चार्ज करायची सोय. याला कागदावर नूतनीकरण म्हणत. खालचा सांगाडा मात्र तोच. चाकं, आस, ब्रेकच्या दांड्या, सगळं खरवडून, घणाने ठोकून, वंगण चोपडून पुन्हा तेच.

"आपण केस रंगवून देतो," वर्तक म्हणत. "गुडघे ज्याचे त्याचे."

डब्याखाली उतरायला शेडमध्ये पूर्वी खड्डा होता. भरतीला त्यात खाडीचं पाणी यायचं, पाण्याबरोबर खेकडे यायचे, एकदा साप आला. मालकाने भराव टाकून खड्डा बुजवला आणि सुरक्षेचा प्रश्न सोडवला. तेव्हापासून माणसं रुळांच्या मधून पाठीवर सरकत आत जात आणि टनावारी लोखंड नाकासमोर ठेवून पाना फिरवत.

अशा माणसांसाठी एकच नियम होता आणि तो गणपतीच्या शेजारीच भिंतीवर रंगवला होता: ज्याची पाटी त्याने काढावी. खाली जाताना आपल्या नावाची पत्र्याची पाटी डब्याच्या टोकाच्या आकड्यावर अडकवायची. वर आल्यावर आपणच काढायची. आकड्यावर पाटी आहे तोवर डबा हलायचा नाही. शिवाय डबा ओढायच्या आधी श्रीपत भोईर प्रत्येकाच्या नावाने हाक मारायचा आणि त्या माणसाने रुळाबाहेर उभं राहून "वर!" म्हणायचं.

श्रीपत सर्वांत जुना फिटर. खाडीकाठच्या शेतकरी घरातला, गळा असा की नारळ पडावा. त्याची पाटी होती, गॉडफ्रेची होती, कृतिकाची होती. वर्तकांची नव्हती. ते सुपरवायझर. साहेब खाली जात नाहीत, त्यामुळे साहेबांना पाटी नसते. साहेबांना केबिन असते. त्या केबिनच्या काचेवर बारा महिने मिठाचा असा थर असायचा की आतून बाहेरचं दिसत नसे आणि बाहेरून आतलं. प्रशासनाला याहून सोयीची काच अजून कुठे निघालेली नाही.

२

गाडीचा शेवटचा डबा पावसाळा सरल्यावर आला. बाकीचे सगळे नटूनथटून बाहेरच्या रुळावर उभे होते. तिकडे शाखेवर गाडी बंद होती. डोंगरातल्या लोकांना दवाखान्याला जायला दुसरं साधन नव्हतं, त्यामुळे रोज फोन यायचे. या डब्याची घाई होती.

जंगलातून धावणाऱ्या डब्याखाली काय काय निघतं हे शेडमधल्या माणसांना पाठ होतं. गुरांची शेपटं, रानडुकराचे जबडे, चिवट झालेलं कातडं. श्रीपत ते लोखंडी आकड्याने ओरबाडून बादलीत टाकायचा आणि वर चुना मारायचा. या डब्याच्या एका आसाभोवती केस गुंडाळलेले निघाले. लांब, काळे, तेलकट, दोरासारखे आवळलेले. कातरीने तुटेनात. श्रीपतने शेवटी छिन्नी लावून घण घातला तेव्हा ते सुटले, आणि सुटताना त्यातून दातासारखं काहीतरी पांढरं टणकन रुळावर पडलं.

"कशाचे आहेत काका?" कृतिकाने विचारलं.

"घोड्याचे."

"जंगलात घोडे असतात?"

"तुझी परीक्षा हाय काय पोरी? बादली आन."

दुपारी जेवणाच्या वेळी डबा दोन हात मागे घ्यायचा होता. श्रीपतने डब्याच्या टोकाला उभं राहून हाक मारली.

"गॉडफ्रे!"

"वर!"

"कृतिका!"

"वर!"

"वर!"

श्रीपतने वळून पाहिलं. गॉडफ्रे आणि कृतिका शेजारीशेजारी उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते.

"दोनदा कोन बोलला?"

"मी नाही," गॉडफ्रे म्हणाला. "मला जेवायला जायचंय, दोनदा कशाला बोलू?"

वर्तक केबिनच्या दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. शेड पत्र्याची, आवाज घुमतो, हे त्यांनी सर्वांना समजावून सांगितलं. शाळेत त्यांना भौतिकशास्त्रात चांगले गुण होते. सगळे जेवायला गेले आणि वर्तकांनी आपला जेवणाचा डबा उघडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घुमलेला आवाज मूळ आवाजासारखा असतो. आधीच्या दोन उत्तरांपैकी एक गॉडफ्रेचं होतं, एक कृतिकाचं. तिसरं दोघांचंही नव्हतं. ते कोणीतरी शब्द तोंडात घोळवून बघावा तसं होतं. नवीन दात बसवलेला माणूस बोलतो तसं.

दुसऱ्या दिवशी ते गॉडफ्रेच्या आवाजात आलं. आणि श्रीपतने हाक मारायच्या आधी आलं.

३

कृतिका आचोळ्याला आईबरोबर राहायची. आयटीआय करून नुकतीच लागलेली, दंडाने पोरांना भारी. कंपनीने सर्वांना सारखेच काळे बूट दिले होते. ते बदलले जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या बुटांना गुलाबी नाड्या लावल्या होत्या. तेव्हापासून गॉडफ्रे तिला "फॅशन शो" म्हणायचा.

एके दिवशी ती केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं.

"साहेब, आज माझी आई शेडवर येईल. जेवणाचा डबा विसरले. तिला आत सोडू नका."

"का बरं?"

"तिला वाटतं मी ऑफिसात बसते. कॉम्प्युटरवर." ती जीभ चावून हसली. "मी डब्याखाली झोपून काम करते हे कळलं तर ती उद्यापासून येऊ देणार नाही. बाबा असेच मशीनमध्ये गेले. आईला सांगू नका."

वर्तकांनी शब्द दिला. आई आली तेव्हा ते स्वतः फाटकावर गेले, जेवणाचा डबा घेतला आणि "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" असं सांगितलं. आई इतकी खूश झाली की त्यांना परत येताना चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. ही मुलगी आहे तशी, हातापायांसकट, रोज आचोळ्याला परत गेली पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तो नियम भिंतीवर नव्हता.

केबिनच्या बाहेर, भिंतीला लागूनच, तो रेल्वेचा डबा उभा होता.

अपघात त्याच आठवड्यात झाला. जेवणाची वेळ होती. श्रीपतने हाक मारली, "गॉडफ्रे!" आणि डब्याच्या पलीकडच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "वर!" पलीकडे जाऊन बघायचा कंटाळा. गॉडफ्रेची पाटी आकड्यावर होती. नियम नियम म्हणून सगळेच घसा कोरडा करत, पण इतक्या वर्षांत पाट्या श्रीपतच काढून घ्यायचा, सगळ्यांच्या एकदम. माणसाने पुन्हा टोकापर्यंत चालत कशाला यायचं? त्याने पाटी काढली आणि हिरवा बावटा हलवला. पलीकडच्या टोकाला इंजिनवाल्या कल्पेशने डबे ओढायचं शंटिंगचं इंजिन सोडलं.

डबा फार हलला नाही. माणसाचा पाय किती जाड असतो, तेवढाच हलला.

वर्तकांनी आयुष्यात बोकड कापताना पाहिला होता. बोकड एकदाच ओरडतो. गॉडफ्रे ओरडतच राहिला. त्याला बाहेर ओढलं तेव्हा एक बूट आतच राहिला आणि बुटात पाय राहिला. श्रीपतने आपला शर्ट फाडून मांडीला आवळला, गुडघा देऊन गाठ मारली, तरी रक्त त्याच्या बोटांमधून उसळत होतं आणि भरावाच्या मातीत इतक्या झटपट जिरत होतं की जणू खालून कोणी ओढून घेत होतं. वर्तक तिथे उभे होते. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

४

रुग्णवाहिका गेल्यावर माणसांना मारायला कोणीतरी हवं होतं. कल्पेश सापडला. रंगारी, सुतार, वायरमन, सगळ्यांनी त्याला इंजिनातून खेचलं.

"बावटा दाखवला ना मला!" तो ओरडत होता. "आईशप्पथ, बावटा बघूनच सोडली! विचारा ना श्रीपतकाकांना!"

कोणीही विचारलं नाही. कोणाच्या तरी हातात ब्रेकची दांडी आली. त्याच्या ओठाचे दोन तुकडे झाले, दात मातीत पडले. वर्तक मधे शिरले तेव्हा एक फटका त्यांच्या खांद्यावरही बसला. श्रीपत मात्र त्या घोळक्यात नव्हता. तो डब्याजवळ होता. त्याने घण उचलला होता आणि आसावर, चाकावर, सांगाड्यावर, जिथे पडेल तिथे घालत होता. ठिणग्या उडत होत्या. "बोल!" तो म्हणत होता. "आता बोल, भडव्या! बोल वर!"

डबा काही बोलला नाही. घणाचा दांडा मोडला तेव्हा श्रीपत रुळावर बसला आणि त्याने दोन्ही तळवे तोंडावर घेतले. तळव्यांचं रक्त तोंडाला लागलं.

गॉडफ्रेला शुद्ध आल्यावर वर्तक त्याला भेटायला गेले. नर्सने बोलू नका सांगितलं होतं. तोच बोलला.

"साहेब, मी ओरडत होतो. श्रीपतने नाव घेतलं ना, तेव्हा मी 'खाली' म्हणून ओरडलो. जीव खाऊन. कोणी ऐकलंच नाही?"

"नाही ऐकलं आम्ही."

"खाली कोणीतरी होतं, त्याने माझ्या आवाजावर आवाज चढवला." गॉडफ्रेने डोळे मिटले. "'वर' म्हणाला. इथे, साहेब. कानाशी. मी पाठीवर झोपलो होतो आणि माझ्या बाजूला झोपून कोणीतरी 'वर' म्हणालं. श्वास लागला त्याचा. शपथ, बायबलावर हात ठेवून सांगतो."

वर्तकांनी त्याच्या उशाशी चाफ्याची फुलं ठेवली आणि बाहेर आले. बाहेर त्यांनी विचार केला. वेदनेने माणसाला भास होतात, हे एक. पत्रा घुमतो, हे दोन. पण वर्तक हिशेबी घरातले. भास खरा नसला तरी पाय खरा गेला होता. तेव्हा भास खरा आहे असं धरून बंदोबस्त करावा, पुढे खोटा निघाला तर नुकसान काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांना केबिनसमोर उभं केलं. यापुढे हाक बंद. पाटी ज्याची त्यानेच काढायची, श्रीपतने हात लावायचा नाही. वर आलेल्या माणसाने साहेबांच्या तळहातावर टाळी द्यायची. साहेबांनी डोळ्याने माणूस बघायचा, हाताने टाळी घ्यायची, मग "घ्या" म्हणायचं, मगच बावटा.

"आणि शेवटचं," वर्तक म्हणाले. "डब्याखालून आवाज आला, कोणाचाही, माझा आला तरी, लक्ष द्यायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. डोकं खाली घालून बघायचं तर मुळीच नाही."

"तुमची टाळी कोन घेनार?" श्रीपतने विचारलं.

माणसं कितीतरी दिवसांनी हसली. वर्तकही हसले.

"मी कशाला जातोय खाली?"

५

डबा फेकून द्यावा, असं श्रीपतचं मत होतं. गॅस कटरने चिरावा, भट्टीत घालावा. वर्तकांनी तसं वर कळवून पाहिलं. वरून उत्तर आलं की शाखा बंद आहे, उद्घाटन ठरलं आहे, फुलांची ऑर्डर गेली आहे. शिवाय एका अपघातासाठी डबा मोडायचा ठरवला तर देशात एकही डबा उरणार नाही. यात खोटं काही नव्हतं.

टाळीने काम सुरळीत चाललं. कल्पेश सुजलेल्या तोंडाने इंजिनावर परत आला. त्याने कोणाशी बोलणंच सोडलं. बावट्याकडे बघायचा आणि बावट्याकडेच बघायचा.

आवाज येत राहिला. त्याला आता वेळकाळ उरली नव्हती. भर दुपारी, मिठागरावरचं ऊन पत्र्यावर तडतडत असताना, डब्याखाली कोणी नसताना, श्रीपतच्या आवाजात शिव्या यायच्या. त्या शिव्या श्रीपतने आदल्या दिवशी दिलेल्या असायच्या. एकदा वर्तकांच्या आवाजात "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" असं आलं. ते वाक्य वर्तक फाटकावर बोलले होते, डब्यापासून कितीतरी लांब. त्यांनी केबिनमध्ये जाऊन पाणी प्यायलं आणि पत्रा किती लांबचा आवाज धरू शकतो याचा विचार करून पाहिला. विचार पुरा झाला नाही.

एके दुपारी गॉडफ्रे रडू लागला. खऱ्या गॉडफ्रेला त्या दिवशी दवाखान्यात दुसऱ्यांदा कापत होते, सडलेला भाग आणखी वरून काढत होते. हा रुळांमध्ये रडत होता. "श्रीपत, ओढ ना रे मला. श्रीपत, बूट आत राहिलाय." श्रीपत चहा पीत बसला होता. त्याने कप ठेवला, गॅस कटर पेटवला, डब्याच्या कडेला गेला आणि निळी ज्योत हात जाईल तितकी आत सारली. मांस जळल्याचा वास आला. रडणं थांबलं नाही. ते कृतिकाच्या आवाजात सुरू झालं.

कृतिका वर्तकांच्या शेजारीच उभी होती. तिने त्यांची बाही पकडली.

"साहेब, मी इथे आहे ना?"

"आहेस."

"नाही, तुम्ही बघून सांगा."

वर्तकांनी बघून सांगितलं.

"उद्या डबा जातो," ते म्हणाले. "उद्याचा दिवस खाली जाऊ नकोस. श्रीपत करेल."

"ब्रेकच्या पिना माझ्या आहेत. काकांचा हात भाजलाय." तिने गुलाबी नाडी आवळली. "तुम्ही टाळी घ्यायला आहात ना? मग झालं."

६

शेवटच्या दिवशी सगळं वेळेवर झालं. सरकारी कामात सगळं वेळेवर होऊ लागलं की वर्तकांना अस्वस्थ वाटायचं.

रंगारी जेवायला गेले होते. श्रीपतने वर येऊन पाटी काढली, भाजलेल्या हाताने टाळी दिली आणि पलीकडच्या टोकाला इंजिन जोडायला गेला. आकड्यावर कृतिकाची पाटी उरली. वर्तक तिथेच, तळहात पुढे धरून उभे राहिले. कोणाकडे तरी दान मागावं तसे. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"कृतिका!" त्यांनी हाक मारली. हाक त्यांनीच बंद केली होती.

"साहेब," खालून आवाज आला. "हात अडकलाय."

वर्तक हलले नाहीत. खालच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही.

"चाकात अडकलाय साहेब. सुटत नाही. दुखतंय हो."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, खाली एक बारीकसं फूल रंगवलेलं. ज्याची पाटी त्याने काढावी. पाटी आहे, अर्थात माणूस खाली आहे. नियम असा. खालून आवाज आला तर माणूस नाही. नियम तोही. दोन नियम भिडले की वरिष्ठांना विचारावं, हे वर्तक नोकरीभर करत आले होते. आज वरिष्ठ तेच होते. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन श्रीपतला बोलवावं असा विचार केला. तेवढ्यात पलीकडून इंजिन डब्याला भिडल्याचा धक्का आला आणि खाली कृतिकाने किंकाळी फोडली.

"साहेब, आईला सांगू नका," ती हुंदके देत म्हणाली. "आईला नका सांगू."

हे तिने दार लावून सांगितलं होतं.

वर्तकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, रुळांमधल्या स्लीपरवर झोपले आणि आयुष्यात पहिल्यांदा डब्याखाली सरकले.

आत उकाडा होता आणि जुन्या तेलाचा, चुन्याचा, आणखी कशाचा तरी गोडसर वास. नव्या रंगाचे थेंब कडांना लोंबत होते. त्याच्या आत सगळं काळं आणि म्हातारं होतं. लोखंड नाकाला लागत होतं. "आलो, आलो," ते म्हणाले आणि खांद्यांनी सरकत राहिले. चाक आणि ब्रेक यांच्या मधल्या फटीतून एक नारिंगी हातमोजा बाहेर आला होता. कृतिकाचा. तळवा वर करून, टाळीसाठी धरल्यासारखा.

"घाबरू नकोस," वर्तक म्हणाले आणि त्यांनी चाकापलीकडे हात घालून तो धरला.

मोज्याने त्यांचा हात धरला. मोज्यात बोटं होती. हवी त्याहून जास्त होती. किती, ते मोजायचा त्यांना धीर झाला नाही. मोज्याच्या मागे, जिथे मनगट आणि कोपर आणि माणूस असायला हवा होता, तिथे सरळ आस होता. आसावर केस गुंडाळलेले होते. ओले, आणि हळूहळू आवळत जाणारे.

त्यांनी हात ओढला. खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. हात सुटला नाही.

तेव्हा त्यांना रुळाबाहेर बूट दिसले. काळे, गुलाबी नाड्यांचे. ते निवांत चालत डब्याच्या टोकाकडे येत होते.

"अय्या, पाटी राहिली माझी," कृतिका वर म्हणाली. बाटलीतलं पाणी घोटल्याचा आवाज आला. "पलीकडून निघून पाणी प्यायला गेले आणि तशीच राहिली." पत्रा आकड्यावर खणकला आणि थांबला. आकडा रिकामा झाला.

"कृतिका!" वर्तक ओरडले. "मी खाली आहे! गाडी थांबव!"

बूट उडी मारून मागे गेले.

"काका! श्रीपतकाका!"

श्रीपतचे बूट धावत आले. "काय झालं गो?"

"साहेबांचा आवाज काढतंय."

"लक्ष नको देऊ. साहेब कुठं गेले?"

"श्रीपत, अरे मी आहे! मी वर्तक! हात धरलाय माझा!"

"त्या दिवशी गॉडफ्रे पन असाच रडत व्हता," श्रीपत म्हणाला. "वर्तकसाहेब! ओ साहेब!"

केबिनच्या मीठ चढलेल्या काचेआडून वर्तकांचा आवाज आला. स्वच्छ, जरासा वैतागलेला, जेवताना कोणी उठवल्यासारखा.

"वर! काय आहे? झालं ना सगळ्यांचं?"

आवाज फार चांगला होता. वर्तकांना तो स्वतःचा म्हणून ओळखू आला, पण इतकं धीट ते कधी बोलले नव्हते.

"साहेब, माझी टाळी राहिलीय," कृतिका केबिनकडे वळून म्हणाली.

"दिसतेस मला. घ्या."

गुलाबी नाड्या जागच्या जागी घुटमळल्या. काचेतून काही दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. वर्तकांनी ते घुटमळणं पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट लखलखली. जी दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. जिच्यामुळे त्यांना स्वतःला पटलं होतं.

"कृतिका, ऐक! तुझ्या आईला वाटतं तू ऑफिसात बसतेस! कॉम्प्युटरवर! तू मला दार लावून सांगितलंस! मीच आहे, बाळा, मीच आहे!"

मग पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत आत, त्यांच्या गालाशी आली.

"काका," कृतिका म्हणाली. "हे मी फक्त साहेबांना सांगितलं होतं. ह्याला कसं कळलं? घ्या काका. इथून न्या ते. लवकर न्या."

गुलाबी नाड्या पळत गेल्या. हिरव्या बावट्याचं कापड फडफडलं. ब्रेकमधली हवा सुटली, जेवण झालेल्या माणसाने सोडावी तशी, आणि वर्तकांच्या खांद्याशी असलेलं चाक जरासं, बोटाच्या पेराएवढं, पुढे आलं.

वर्तक ओरडण्यासाठी तोंड उघडत होते. त्यांच्या कानाशी, त्यांच्या बाजूला पाठीवर झोपून, कोणीतरी त्यांच्याआधी श्वास घेतला.

"वर," ते म्हणालं.